सावतोबांचा मळा आणि उचलीचा फड



कोजागिरीला आमच्या गावात काकडा बसतो आणि त्याच सुमारास गाव रिकामे व्हायला लागते. दसरा झाला की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत चुलीची भांडी चढतात, बाजरीची पोती चढतात, शेळी-कोंबडी आणि लेकरे चढतात, आणि सर्वांत वर नवे पाणी दिलेले कोयते गोणपाटात गुंडाळून ठेवतात. मंडळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कुणी थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात आणि चैत्र-वैशाखात परत येतात. म्हणजे आषाढी त्यांना साधते, कार्तिकी साधत नाही. कार्तिक शुद्ध एकादशीला पंढरीत चंद्रभागेचे वाळवंट भरलेले असते तेव्हा आमच्या गावचे निम्म्याहून अधिक माळकरी कुणाच्या तरी फडात पाचटात उभे असतात. मी पस्तीस-चाळीस वर्षे कीर्तन केले. या चुकलेल्या कार्तिकीचे समाधान करण्यासाठी माझ्याजवळ एक ठरलेले निरूपण होते. ते निरूपण माझ्या हातून कसे सुटले, ते आज लिहितो.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. पश्चिमेकडच्या एका कारखान्याने गळीत हंगामाच्या शुभारंभाला मला बोलावले. बॉयलरचे अग्निप्रदीपन, मग गव्हाणीची पूजा, मग पहिली मोळी टाकायची. अध्यक्ष, संचालक, दोन-तीन पुढारी, आणि मंगल कार्य म्हणून एखादा महाराज, अशी ती रीत असते. मोळी माझ्याही हाताने टाकली गेली. फेटा, श्रीफळ, शाल झाली. मी म्हटले, इथवर आलोच आहे तर आमच्या भागातल्या टोळ्यांचा तळ कुठे आहे ते दाखवा, रात्री त्यांच्यापुढे सेवा करतो. अध्यक्षांना ते फार आवडले. त्यांनी मंडप, दिवे, कर्णा सगळे दिले.

तळ म्हणजे कारखान्यामागच्या माळावर उभारलेल्या कोप्या. बांबू वाकवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकलेला, आत शिरायचे तर वाकून. शे-दीडशे कोप्या असतील. टाळकरी बाहेरून आणावे लागले नाहीत. आमच्याच गावात सप्ताहाला माझ्यामागे उभे राहणारे तिघे-चौघे तिथे निघाले. टाळ त्यांनी सोबत नेलेले होते. दिवसभर ऊस तोडून हाताला फोड आलेली माणसे टाळ धरून उभी राहिली.

मी सावतोबारायांचा अभंग सेवेला घेतला. अरणच्या त्या संताची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. अरणपासून पंढरपूर फार लांब नाही, तरी सावतोबा पंढरीला गेले नाहीत. मळ्यातल्या भाजीपाल्यात, मोटेत, दोरीत त्यांनी पांडुरंग पाहिला आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीला मळ्यात आला. आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मी सांगितले, बाबांनो, तुमची कार्तिकी चुकली म्हणून खंत करू नका. माउलींनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे की आपल्या वाट्याचे कर्म हीच ईश्वराची पूजा आहे. तुमचा कोयता हीच तुमची वीणा, हा फड हेच तुमचे वाळवंट. चाल बरी लागली होती. लोक डोलत होते.

मध्येच बांधाकडून ट्रकचा भोंगा वाजला. गाडी भरायला आली होती. गाडी कधी येईल याला वेळ नसते. रात्री बाराला आली तर बाराला उठायचे. समोरची निम्मी माणसे उठली. बाया आधी उठल्या, डोक्याला चुंबळ बांधली आणि अंधारात निघाल्या. माझा एक टाळकरीही टाळ कमरेला खोचून गेला. मी उरलेल्या मंडळींपुढे कीर्तन पूर्ण केले.

रात्री उशिरा त्याच टाळकऱ्याच्या कोपीपुढे आम्ही चहाला बसलो. त्याची बायको गाडी भरून नुकतीच आली होती. मानेवर, कानामागे उसाची कुसळे चिकटलेली. ती चुलीला काटक्या घालत म्हणाली, "बुवा, एक इचारू का? राग नका धरू."

"विचार की, माय."

"सावतोबाचा मळा त्यांचा सोताचाच व्हता का?"

"हो. वाडवडिलांपासूनचा."

"उचल बिचल नव्हती ना त्यांच्या डोस्क्यावर?"

मी म्हटले, "नव्हती."

"मंग बरं," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

त्या बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सावतोबांना उचल नव्हती याचे तिला खरेच बरे वाटले असावे. मला मात्र तो चहा गिळवेना. आळंदीत आमच्या गुरुजींनी शिकवले होते की पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धांताला हात घालू नये. इथे माझ्या पस्तीस वर्षांच्या सिद्धांताला पूर्वपक्षच नव्हता. सावतोबा आपल्या मळ्यात आपल्या इच्छेने उभे होते. उद्या त्यांना वाटले असते की आज मोट नको, विठ्ठलाच्या नावाने बसून राहावे, तर त्यांना कुणी दंड केला नसता. मी त्यांचा दाखला अशा माणसांना देत होतो ज्यांना माझे कीर्तन संपेपर्यंत बसण्याचीसुद्धा मोकळीक नव्हती.

उचल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पावसाळ्यात आमच्या भागात हाताला काम नसते. मुलीचे लग्न, दवाखाना, बियाणे, घराची भिंत, काही ना काही निघतेच. तेव्हा मुकादम रोख रक्कम देतो. ती उचल. ती एका जोडीला, म्हणजे नवरा-बायकोला मिळून देतात आणि त्या जोडीला म्हणायचे 'एक कोयता'. दोन माणसांचा मिळून एक कोयता! पुढे सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो. फिटली तर चार पैसे हातात येतात. न फिटली तर बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते आणि पुढच्या दसऱ्याला कुठल्या ट्रकात बसायचे ते आदल्या चैत्रातच ठरलेले असते. 1972 च्या दुष्काळात माझ्या बरोबरीची पोरे अशी पहिल्यांदा गेली. आता त्यांचे नातू जातात.

त्यानंतरच्या चैत्रात तो टाळकरी गावी आला आणि एक वही घेऊन माझ्याकडे आला. मला लिहिता-वाचता येते, पोथी सांगतो, म्हणून वहीही वाचता येईल असे त्याला वाटले. वही मुकादमाची होती, त्याने तिची झेरॉक्स मागून आणली होती. मी ज्ञानेश्वरीवरच्या टीका वाचल्या आहेत, पण त्या वहीइतके दुर्बोध मी काही वाचलेले नाही. एका बाजूला उचल. दुसऱ्या बाजूला तोडलेले टन. मध्ये खाडे, किराणा, दवाखाना, 'वरखर्च', आणि काही आकडे नुसतेच, कशाचे ते कळू नये असे. मी विचारले, "हे टन कुणी मोजले?" तो म्हणाला, "काट्यावर मोजत्यात." "तुला काट्याची पावती मिळते?" "आपल्याला कशाला? ती शेतकऱ्याला आन् गाडीवाल्याला."

हे खरेच तसे आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, वजन होते, पावती निघते. ज्याचा ऊस त्याला वजन कळते, ज्याची गाडी त्याला कळते. ज्याने तो ऊस बुडापासून तोडला, सोलला, मोळी बांधली, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवली, त्याच्या हातात कागद येत नाही. मुकादम सांगेल तेवढे टन.

दर तरी किती? 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपये झाला. वाढ मोठी दिसते. पण एक कोयता, म्हणजे दोन माणसे, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबून साधारण दोन टन तोडतात. म्हणजे माणशी 366 रुपये पडले, त्यात रात्रीची गाडी भरणे आलेच. आणि एक दिवस काम चुकले तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर पाचशे रुपये, कुठे हजार, दंड म्हणून उचलीत चढवायचे. गणित करून पाहा. कामाच्या दिवशी जेवढे मिळते त्याहून अधिक न गेल्याच्या दिवशी जाते.

आता जे लिहितो ते लिहिताना माझ्यासारख्या म्हाताऱ्याला संकोच वाटतो, पण कीर्तनकार आयुष्यभर गर्भवासाचे वर्णन करतो, त्याला इथे संकोच करण्याचा अधिकार नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही. महिन्याच्या चार दिवसांत बाईने बसून राहावे तर खाडा. बाळंतपण हंगामात आले तर खाडा. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेली तर तिला भीती घातली जाते आणि पंचविशी-तिशीत पिशवी काढून टाकली जाते. 2019 मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा बायांमागे एक. यातल्या कितीतरी जणी माझ्या कीर्तनाला मांडी घालून बसलेल्या असणार. जनाबाईंबरोबर देव दळायला बसला, शेण्या वेचायला गेला, हे मी रंगवून सांगत होतो तेव्हा त्या मान डोलवत होत्या. त्यांच्याबरोबर मोळी उचलायला कोण आले होते?

मग मी, जमेल तसे, विचारत सुटलो. यात दोष कुणाचा? पहिल्यांदा बोट मुकादमाकडे जाते. पण मुकादमाला मी ओळखतो, तोही आमच्याच गल्लीतला, एकादशी करणारा. त्याने कारखान्याकडून उचल घेतलेली असते, तिच्यासाठी कागदावर सही केलेली असते, जमीन गुंतवलेली असते. टोळीतला एखादा कोयता पळून गेला तर ते कर्ज याच्या अंगावर. असे बुडालेले मुकादम मी पाहिले आहेत. तो म्हणतो, "बुवा, मी मधला माणूस. वरून जेवढं येतं तेवढंच खाली देतो." बरे, वर कोण? वाहतूकदार. तो म्हणतो, माझा करार तोडणी-वाहतुकीच्या संस्थेशी. ती संस्था कारखान्याने काढलेली, पण कागदावर वेगळी. कारखाना म्हणतो, आमच्या हजेरीपटावर एकही ऊसतोड मजूर नाही, आमचे कामगार म्हणजे बॉयलरवरचे, गव्हाणीवरचे, काट्यावरचे. कारखानाही म्हणतो, साखरेचा भाव आमच्या हातात नाही. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा निदान सभासद तरी होते, सभेत उभे राहून अध्यक्षाला विचारता येत होते. आता कितीतरी कारखाने खासगी कंपन्यांचे झाले. कंपनीला भागधारक असतात, ते कुठे राहतात ते गव्हाणीवरच्या माणसालाही ठाऊक नसते, मग कोपीतल्या बाईला कुठून असणार? 'वर, वर' करत मान उंचावत गेलो तर शेवटी दिसते ती चिमणी, आणि तिच्या वर धूर.

जुन्या काळी धनी जुलमी असला तरी त्याला तोंड होते. आमच्या संतचरित्रांत बादशहा आहे, पाटील आहे, सावकार आहे, आणि प्रसंगी देवाने त्याच्यापुढे जाऊन उभे राहिल्याची कथा आहे. दामाजीपंतांचेच घ्या. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी धान्यकोठारे रयतेसाठी खुली केली, बादशहाने बोलावणे धाडले, आणि पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला, सगळी रक्कम मोजून दिली. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. तिचा रंग भरतो तो विठूच्या घोंगडीत, त्याच्या काठीत, बादशहा त्या रूपावर लुब्ध होतो त्यात. पण कथेत पुढे एक गोष्ट आहे आणि ती मी घाईने ओलांडून जात असे. पैसे भरल्यावर विठू पावती मागतो. ती पावती तो दामाजीपंतांच्या पोथीत आणून ठेवतो. चौदा भुवनांचा मालक, त्याला कागदाची काय गरज? पण त्याने घेतली. दरबाराचा भरवसा नसतो, उद्या म्हणतील पैसे मिळालेच नाहीत, हे देवाला कळत होते. पुढच्या वर्षी सप्ताहात मी दामाजीपंतांचे आख्यान लावले आणि त्या पावतीवर पाऊण तास बोललो. देव पावतीशिवाय दरबारातून हलला नाही, आणि तुम्ही सहा महिन्यांचा घाम काढून रिकाम्या हाताने परत येता! मंडपात कुणी हसले, कुणी मागे वळून पाहिले. मागे मुकादम मंडळी बसली होती.

त्याच मंगळवेढ्यात चोखोबाराय गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळून गेले. नामदेवरायांनी विठ्ठलनाम ऐकू येणारी हाडे वेचून पंढरीला आणली, ती समाधी महाद्वारापुढे आहे. नामाचा महिमा सांगायला याहून थोर आख्यान नाही. पण उसाची ट्रॉली उलटून टोळीतले कुणी गेले की मला आता त्या आख्यानातली भिंत दिसते. हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाची हाडे कुणी वेचायची?

माझ्या श्रोत्यांत एक वकील होते, तालुक्याच्या कोर्टात काम करणारे. त्या कीर्तनानंतर ते मला घरी घेऊन गेले आणि एका खटल्याची हकिगत सांगितली. 1982 मध्ये दिल्लीत आशियाई खेळ भरायचे होते. मैदाने, पूल बांधायला ठेकेदारांनी मजूर आणले. त्या वेळी किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे. ठेकेदार ते जमादाराच्या हातात देई, आणि जमादार माणशी 1 रुपया आपला म्हणून कापून मजुराला 8 रुपये 25 पैसे देई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की पोटाच्या अडचणीमुळे माणूस किमान वेतनाहून कमी पैशात राबत असेल तर ती वेठच, आणि घटनेच्या 23 व्या कलमाने वेठ बंद केलेली आहे. आणि ज्याचे काम चालले आहे त्याला 'मजूर ठेकेदाराचा आहे, आमचा नाही' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. मी ते दोनदा समजावून घेतले. पोटाची अडचण हीसुद्धा बांधून ठेवणारी दोरी आहे, असे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनाने म्हटले होते, आणि मी माळावर उभा राहून त्या दोरीला वीणा म्हणत होतो. तो 1 रुपया ऐकल्यावर मला आमच्या वहीतला 'वरखर्च' आठवला.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की ज्याने दिले त्याचा वाटा त्याला न देता जो भोगतो तो चोर होय. यज्ञाच्या प्रकरणात ते आले आहे म्हणून आम्ही देवांच्या वाट्यापुरतेच ते बोलत राहिलो. गाळपाच्या त्या यज्ञात पहिली आहुती माझ्या हातून पडली होती, म्हणून सांगतो, तिथला वाटा सर्वांत आधी कुणाला पोचायला हवा हे मला त्या दिवशी विचारता आले असते. मी शाल घेतली आणि उतरलो.

आणि शालीचीच गोष्ट कशाला? आमच्या गावचा सप्ताह भरतो चैत्र-वैशाखात, टोळ्या परत आल्यावर. वर्गणीची यादी लावतात, तिच्यात सर्वांत वरचे आकडे मुकादमांचे असतात. काल्याच्या पंगतीचा खर्च एका वर्षी एक मुकादम घेतो, पुढच्या वर्षी दुसरा. कीर्तनकाराचे पाकीटही त्यातूनच निघते. कीर्तनाचे द्रव्य घेणाऱ्यावर तुकोबारायांनी किती कठोर शब्द वापरले आहेत ते मी लोकांना सांगत असे, आणि खाली उतरल्यावर पाकीट खिशात ठेवत असे. म्हणत असे, हे वाटखर्चाचे. ते पाकीट कुठल्या वहीतल्या कुठल्या खाड्यातून भरले, हे कधी पाहिले नाही. पाहायला लागलो तेव्हा आकडा जुळायला फार वेळ लागला नाही.

सावकारी वह्यांचे काय करायचे ते तुकोबारायांनी करून दाखवले आहे. दुष्काळात सारे गमावल्यावर, विरक्त झाल्यावर, घरातली कर्जखते त्यांनी बाहेर काढली. धाकट्या कान्होबांना त्यांचा निम्मा वाटा दिला, कारण तो आपला नव्हे, आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. पुढे गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि ती तरली, हे आपण सांगतो. पण त्याच डोहात आधी खते बुडाली आणि ती तरली नाहीत, हे सांगायचे राहून जाते. देहूच्या त्या सावकाराकडून कुळांना फार मोठा उपदेश मिळाला असता तरी वह्या घरात राहिल्या असत्या तर त्याचा उपयोग काय होता?

हे मी एका वर्षी काल्याच्या आदल्या रात्री बोललो. आवाज तेव्हाच बसायला लागला होता, पण ते बोलणे मंडपाच्या शेवटापर्यंत गेले. पाकीट त्या वर्षी मी घेतले नाही. पुढच्या वर्षी मला तारीख आली नाही. कमिटीतला एक जण सांगायला आला, "बुवा, तुमच्या आवाजाला त्रास नको म्हणून." त्याचे म्हणणे अगदी खोटेही नव्हते. मुकादमांचे मला वाईट वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. मी कारखान्याच्या माळावर जे बोललो नाही ते गावच्या मंडपात बोललो. चिमणीपुढे गप्प बसलो आणि शेजाऱ्यापुढे शूर झालो. अध्यक्षांच्या समोर उभा होतो तेव्हा कर्णा माझ्या हातात होता.

उपाय नाहीत असे मात्र नाही, आणि नवे काही शोधायचेही नाही. बाजारसमितीत पोती वाहणारे हमाल असेच होते, आज या व्यापाऱ्याचे, उद्या त्या व्यापाऱ्याचे, कुणाचेच नव्हेत. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला. मंडळ नेमले, हमालाचे नाव मंडळात, व्यापाऱ्याचे नावही मंडळात, मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची, वर भविष्यनिर्वाहाचा पैसा. धनी अनेक असले तरी नोंद एक. पोत्याच्या हमालाला जे जमले ते मोळीच्या हमालाला का जमू नये, हे मला कुणी अजून पटवून दिलेले नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आहे, त्याला कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे असे ठरले आहे. त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, त्यांना संत भगवानबाबांचे नाव आहे. बाबांनी या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला शिका म्हणून सांगितले, त्यामुळे नाव योग्यच दिले. पण आईबाप निघाले की आजही दोन-चार लेकरे ट्रकात बसताना दिसतातच. आता फडात हार्वेस्टर यंत्रेही येऊ लागली आहेत. ज्या दिवशी मजुराला हक्काचे देण्याची वेळ येईल त्या दिवशी यंत्र स्वस्त पडेल, अशी कुजबुज आमच्या पारावर असते. त्या कोयत्यांनी मग काय करायचे, तेही कुणाच्या हजेरीपटावर नसणार.

निरूपण आता होत नाही. काकड्याला बसतो तेवढाच. सात म्हातारे, तीन म्हाताऱ्या आणि मागे राहिलेली काही नातवंडे, एवढ्यावर आमचा काकडा चालतो. टाळ पुष्कळ आहेत, खुंटीला लावलेले. सावतोबांचा तो अभंग काकड्यात आला की मी म्हणतो, पण त्यावर बोलत नाही.

भाद्रपदापासून मी मारुतीच्या पारावर एक काम घेतो. उचल घेताना ज्याला कुणाला वाटेल त्याने यावे, मी दोन प्रतींत लिहून देतो. रक्कम किती, कुणाकडून, कुठल्या कारखान्यावर, दर काय, आणि खाली मुकादमाची सही. पहिल्या वर्षी चौघे आले. मुकादमांनी सही द्यायला कुरकुर केली, एकाने दिली. यंदा सतरा झाले. सही देणारे मुकादम पाच. त्यांतला एक मला म्हणाला, "बुवा, मलाबी असाच एक कागद लिहून द्या, कारखान्याकडून घ्यायला." तो मी फार जपून, सुवाच्य अक्षरांत लिहून दिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या टाळकऱ्याची बायको आली. शंभर पानी वही घेऊन आली होती, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तिची नात यंदा वसतिगृहात राहिली आहे, सातवीला आहे. तिने वहीत रेघा मारून दिल्या होत्या, तारीख, गाडीचा नंबर, मोळ्या, आणि एक रकाना नाव न घातलेला.

"ह्यो कशाचा?" मी विचारले.

"खाड्याचा," ती म्हणाली. "वर नाव तुमी घाला, बुवा. तिला त्यो शब्द लिवायचा न्हवता."